वास न येणारा गॅस

लेख मागताना संपादक म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, मग लोकांना घरात उपयोगी पडेल असं काहीतरी लिही." आता मी इंजिनिअर आहे हे खरं, पण सॉफ्टवेअरचा! कनाटातल्या ऑफिसात बसून दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो, आणि घरी नळ गळायला लागला तर बायको मला न विचारता सरळ प्लंबरला फोन करते. तरीही घरातल्या एका यंत्राबद्दल मी थोड्या अधिकाराने लिहू शकतो, कारण त्याच्या बाबतीत करता येतील तेवढ्या चुका मी स्वतः करून बसलो आहे. ते यंत्र म्हणजे गॅस फायरप्लेस. या पुस्तिकेतल्या जाहिरातींचे पैसे निधीला जातात आणि लेखाला जागा फुकट मिळते, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण लाल सिलिंडरच्या सोबतीने गेलं. रात्री दिवे मालवताना "रेग्युलेटर बंद केलास का रे?" ही आईची शेवटची हाक. सकाळी स्वयंपाकघरात शिरलं की आधी वास घ्यायचा, मग लायटर उचलायचा. वास आला तर खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. आणि ज्योत कायम निळी हवी, पिवळी दिसायला लागली की बर्नर घासायला काढायचा. नाक आणि निळी ज्योत, या दोन गोष्टींवर आपल्या आयांनी चाळीस-चाळीस वर्षं घरं सुखरूप सांभाळली. हेच दोन नियम घेऊन मी ओटावाला आलो, आणि दोन्ही नियम मला इथे उपयोगी पडले नाहीत.

आम्ही बारहेवनमध्ये जुनं टाउनहाउस घेतलं तेव्हा जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तळघरात फॅमिली रूम, गॅस फायरप्लेससह'. होम इन्स्पेक्टरच्या अहवालात एका ओळीत असंही होतं, की फायरप्लेसची तपासणी परवानाधारक गॅस तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. अहवाल चाळीस पानी होता. मी छत, पाया आणि फर्नेस एवढंच वाचलं.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात पुण्याहून आई-बाबा आले. आईला पहिल्याच दिवशी हसू आलं. "स्वयंपाक विजेवर आणि दिवाणखान्यात गॅस? सगळं उलटंच आहे तुमच्याकडे!" पण उणे वीसच्या थंडीत ती 'शेगडी' तिला फार आवडली. ती दोघं तळघरातच झोपायची, कारण वरच्या दोन खोल्यांत आम्ही आणि आमची चौदा महिन्यांची लेक. संध्याकाळी आई फायरप्लेससमोर बसून वाती वळायची. ज्योत दिवसेंदिवस जास्त पिवळी, जास्त उंच, संथ व्हायला लागली होती आणि काचेवर धुरकट करडा थर धरला होता. बायको म्हणाली, "अगदी खऱ्या लाकडाच्या आगीसारखी दिसते, नाही?" मीही हो म्हटलं.

फॅमिली डेच्या सुट्टीत भरपूर बर्फ पडला. मी मोठ्या उत्साहाने मागचा डेक साफ केला आणि सगळा बर्फ कठड्यावरून बाजूला लोटला. त्या बाजूच्या भिंतीत जमिनीपासून फूट-दीड फुटावर एक लोखंडी जाळीदार डबा होता. तो कशाचा आहे असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो फायरप्लेसच्या नाकाचा शेंडा होता आणि मी त्यावर तीन फूट बर्फ रचून आलो होतो.

रात्री दोनच्या सुमाराला आमच्या खोलीबाहेरचा अलार्म वाजायला लागला. चार टिटव्या, थोडी विश्रांती, पुन्हा चार. खाली धावलो तर बाबा पलंगावर डोकं धरून बसलेले, आणि आईला उलटी झालेली. तिच्या मते तो "प्रवासाचा शीण" होता. प्रवास होऊन तीन आठवडे झाले होते! लेकीला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, सगळे गाडीत जाऊन बसलो आणि ९११ ला फोन केला. अग्निशामक दलाच्या माणसाने तळघरात मीटर धरला तेव्हा त्यावर १४० आकडा होता. आई-बाबांना हॉस्पिटलात ऑक्सिजन दिला आणि सकाळी दोघंही घरी आली, एवढ्यावर निभावलं.

तळघरातला अलार्म का नाही वाजला? तो दोन आठवड्यांपूर्वी दर मिनिटाला एकदा 'टुक' करायला लागला होता. बाबांना झोप लागेना, म्हणून त्यांनी तो काढून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला होता. आम्हाला त्रास नको म्हणून सांगितलंही नाही.

आता ही दोन गॅसांची भानगड नीट समजून घेऊ. फायरप्लेसमध्ये येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन जातीच्या रसायनाचा, सडक्या अंड्यासारखा. तिकडच्या सिलिंडरमध्येही हीच युक्ती असते. फरक एवढाच, की सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारा. इथला नैसर्गिक वायू हलका, वर चढणारा. (कॉटेजवर किंवा गावाबाहेर प्रोपेन वापरत असाल तर तो मात्र आपल्या एलपीजीचाच भाऊ, खाली बसणारा.) हा गॅस गळला तर नाक सांगतं. तो वास आला तर इथे शिकवतात ते असं, की खिडक्या उघडत बसू नका, बटणांना आणि घरातल्या फोनला हात लावू नका, सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा आणि बाहेरून ९११ ला किंवा गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरला फोन करा. आपल्याकडे गॅस पुरवते ती एन्ब्रिज, आणि तो नंबर तिच्या बिलावर छापलेला असतो. आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

दुसरा गॅस घरात येत नाही, घरात तयार होतो. मिथेनला जळायला पुरेशी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. त्याचं वजन जवळपास हवेइतकंच, त्यामुळे तो खोलीभर मिसळून जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, म्हणजे हुबेहूब फ्लू किंवा जेटलॅग. आणि झोपेत असलात तर तेही कळत नाही. माझ्या आईचं नाक एवढं तिखट, की शेजारच्या घरातली करपलेली पोळी तिला कळते. त्या रात्री ते नाक काहीही करू शकत नव्हतं.

हे आपल्या ओंटारियोत फार वाईट रीतीने घडून गेलेलं आहे. डिसेंबर २००८ मध्ये वुडस्टॉक गावात हॉकिन्स कुटुंबातले चौघं, आई-वडील आणि दोन मुलं, कार्बन मोनॉक्साइडने गेली. गॅस फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबला होता आणि घरात अलार्म नव्हता. आई स्वतः प्रांतिक पोलिसात अधिकारी होती, म्हणजे सावधगिरीचा धंदा असलेलं घर. तिचे काका जॉन गिन्याक हे निवृत्त अग्निशामक. त्यांनी नंतर या प्रश्नाला वाहून घेतलं, आणि आमदार एर्नी हार्डेमन यांनी विधानसभेत विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं. ते मंजूर व्हायला २०१३ साल उजाडलं. 'हॉकिन्स गिन्याक अ‍ॅक्ट' हे त्याचं नाव. पुढे ऑक्टोबर २०१४ पासून फायर कोडनुसार झोपायच्या खोल्यांजवळ हा अलार्म सक्तीचा झाला. माझ्या घरातला वरचा अलार्म त्या कायद्यामुळेच आधीच्या मालकाने बसवलेला होता.

आपल्याकडेही हा गॅस नवा नाही. मुंबई-पुण्या-नाशकाकडे बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि उत्तरेत दार लावून शेगडी पेटवून झोपल्याच्या. आपण वाचतो, हळहळतो, "गॅस लीक झाला असेल" म्हणतो. बहुतेक वेळा लीक वगैरे काही नसतं, हवा संपलेली असते.

गणित करून पाहू, तेवढी हौस मला आहे. साधारण फायरप्लेस तासाला ३०,००० बीटीयूचा असतो. म्हणजे जवळजवळ नऊ किलोवॅट, आपले ते दीड किलोवॅटचे विजेचे हीटर असतात ना, तसे सहा एकदम लावल्यासारखं. त्यासाठी तासाला सुमारे ०.८ घनमीटर गॅस लागतो आणि तो नीट जळायला त्याच्या दहापट, म्हणजे आठ घनमीटर हवा. गॅस गिझरची भूक साधारण तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच. आता पुण्यातली चार बाय सहाची बाथरूम घ्या, नऊ फूट उंचीची. तिच्यात हवा किती? सहा घनमीटर! दार-खिडकी बंद करून पंधरा मिनिटं गिझर चालवला तर निदान एक तृतीयांश बाथरूमची हवा त्याने पिऊन टाकलेली असते, आणि आंघोळ करणाऱ्यालाही त्याच हवेत श्वास घ्यायचा असतो.

म्हणून फायरप्लेस घेताना त्याची ज्योत, लाकडं, काळी चौकट यांच्याआधी एकच प्रश्न विचारायचा. हा हवा कुठून घेतो आणि धूर कुठे सोडतो?

सगळ्यात चांगलं उत्तर 'डायरेक्ट व्हेंट' जातीचं. त्यात एकात एक असे दोन पाइप असतात. बाहेरच्या पाइपातून बाहेरची हवा आत येते, आतल्या पाइपातून धूर बाहेर जातो, आणि पुढची काच रबरासारख्या पट्टीने घट्ट बंद असते. घरातल्या हवेशी त्याचा संबंधच नाही. अर्थात त्याचं बाहेरचं तोंड मोकळं आणि काचेची पट्टी धड असेल तर! माझ्याकडे हाच प्रकार होता. तोंड मी बर्फाने बंद केलं, त्यामुळे बाहेर गेलेला धूर पुन्हा आत ओढला जाऊ लागला, आणि पट्टी वीसेक वर्षांत कडक होऊन एका कोपऱ्यात सुटलेली होती. दोन्हीपैकी एकच दोष असता तर कदाचित मी हा लेख लिहिला नसता.

दुसरा प्रकार जुन्या घरांत दिसतो, 'बी-व्हेंट'. हा घरातलीच हवा घेतो आणि गरम धूर आपोआप वर चढेल या भरवशावर चिमणीतून सोडतो. इथे मराठी घराचा एक खास धोका आहे. आपण फोडणीचा ठसका नको म्हणून स्वयंपाकघरात दांडगा एक्झॉस्ट बसवून घेतो. तो पंखा, बाथरूमचा पंखा आणि कपड्यांचा ड्रायर, तिन्ही एकदम चालू झाले की घट्ट बंद केलेल्या घरातली हवा बाहेर ओढली जाते. ती भरून काढायला बाहेरची हवा मिळेल तिथून आत शिरते. सगळ्यात सोपी वाट कुठली? चिमणी! म्हणजे धूर वर जायच्या ऐवजी उलटा खाली. लाल मिरच्यांची फोडणी वर आणि कार्बन मोनॉक्साइड खाली. असा फायरप्लेस असेल तर तो चालू असताना मोठा पंखा लावायचाच नाही, लावलाच तर खिडकी थोडी उघडून. आणि जमेल तेव्हा तो बदलून डायरेक्ट व्हेंट घ्यावा हे माझं मत.

तिसरा प्रकार धूर बाहेर न सोडणारा, 'व्हेंट-फ्री'. सेंट लॉरेन्सचा पूल ओलांडून ऑग्डेन्सबर्गला खरेदीला जाणाऱ्या आपल्या मंडळींना हा तिकडच्या दुकानात स्वस्तात दिसतो, भिंतीला भोकही नको! पण तो घरात बसवायला इथे परवानगी नाही. एकूणच सीमेपलीकडून गॅसचं काहीही उचलून आणू नका. कॅनडात मान्यता असल्याची खूण नसेल तर इथला प्रामाणिक तंत्रज्ञ त्याला हात लावणार नाही, आणि हात लावणाऱ्याची मला भीती वाटते.

यावरून तंत्रज्ञाचं. ओंटारियोत गॅसच्या जोडणीचं काम परवानाधारकानेच करायचं असा नियम आहे. टीएसएसए, म्हणजे टेक्निकल स्टँडर्ड्स अँड सेफ्टी अथॉरिटी, हे परवाने देते. कंत्राटदार तिच्याकडे नोंदलेला हवा आणि येणाऱ्या माणसाकडे जी-१ किंवा जी-२ कार्ड हवं. जी-३ वाला शिकाऊ, तो वरच्या परवानेवाल्याच्या देखरेखीखाली काम करतो. कार्ड बघायला मागा. आपल्याला असं विचारायला संकोच वाटतो, पण त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, ते खिशातून काढून दाखवतात. "माझ्या मित्राचा भाऊ करून देतो, निम्म्या पैशात" हे वाक्य आपल्या पॉटलकमध्ये फरशी आणि रंगकामाबद्दल मी खूपदा ऐकलंय. तिथे ठीक आहे. गॅसच्या पाइपाला नको. गाटिनोच्या बाजूला राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की क्यूबेकचे परवाने वेगळे आहेत, ओटावाचं कार्ड तिकडे चालतंच असं नाही.

बसवायची जागा ठरवताना आपण सोफा आणि टीव्ही बघतो. तुम्ही आधी कोट चढवून बाहेर जा आणि पाइपाचं तोंड कुठे येणार ते बघा. नियमाप्रमाणे ते जमिनीपासून किंवा डेकपासून किमान ३० सेंटिमीटर वर हवं, आणि घरगुती डायरेक्ट व्हेंटच्या बाबतीत उघडणाऱ्या खिडकीपासूनही साधारण तेवढंच दूर. घरात यंत्राने हवा ओढणारी जाळी असेल तर तिच्यापासून १.८ मीटर. उत्पादकाच्या पुस्तकात याहून जास्त अंतर लिहिलं असेल तर ते पाळायचं. पण ३० सेंटिमीटर म्हणजे एक फूट, आणि ओटावाचा बर्फ एका रात्रीत फूटभर पडू शकतो, शिवाय वाऱ्याने भिंतीलगत ढीग साचतो तो वेगळाच! मी नवा बसवला तेव्हा तोंड भिंतीत चार फुटांवर घेतलं. पाइप थोडा लांबला, पैसे थोडे जास्त गेले. भिंतीला नवं भोक पाडण्याआधी सिटीला ३११ वर फोन करून परवाना लागतो का ते विचारा, आणि घराच्या इन्शुरन्सवाल्यालाही कळवा.

जुनं घर घेतलं असेल तर पहिल्या हिवाळ्याआधी तपासणी करून घ्या, आणि नंतर दर वर्षी सप्टेंबरात. नोव्हेंबरात फोन केलात तर तंत्रज्ञ जानेवारीची तारीख देतो. तो काचेची पट्टी बघतो, बर्नर आणि पायलट साफ करतो (उन्हाळ्यात बंद असलेल्या पायलटच्या बारीक भोकात कोळी जाळं करतात, हसू नका, खरं आहे), धुराचा मार्ग तपासतो. तातडीचा धोका दिसला तर तो जागच्या जागी गॅस बंद करून चिठ्ठी अडकवतो, किरकोळ असेल तर दुरुस्तीला ठरावीक मुदत देतो. माझ्या फायरप्लेसला त्या रात्रीनंतर पहिल्या प्रकारची चिठ्ठी लागली. मला आधी रागच आला, मग अहवालातली ती एक ओळ आठवली.

आतली लाकडं मातीची असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सुंदर दिसावं म्हणून ती हलवू नका, ज्योत लाकडावर आपटली की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात. आणि ज्योतीच्या रंगाबद्दल: स्वयंपाकाची ज्योत निळी हवी हे खरं, पण फायरप्लेसची ज्योत शोभेसाठी मुद्दामच पिवळसर ठेवलेली असते. म्हणून रंगावर जाऊ नका. काचेवर काजळी, आळसावलेली उंच ज्योत, पेटताना 'भप्' असा आवाज, पायलट पुन्हा पुन्हा विझणं, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त ओल, यांतलं काही दिसलं की बंद करून फोन करायचा. ओल का? वरच्या हिशेबाने हा फायरप्लेस तासाला सव्वा लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार करतो. ती वाफ बाहेर जायला हवी, घरात दिसली तर धूरही घरातच आहे.

पेटवायची पद्धत आतल्या पत्र्यावर लिहिलेली असते, ती शब्दशः पाळा. बटण बंद करून पाच मिनिटं थांबा, वास घ्या (इथे नाक चालतं!), मग पायलट पेटवा आणि बटण थोडा वेळ दाबून धरा. ते का दाबून धरायचं, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला. पायलटच्या ज्योतीत एक धातूची कांडी असते, ती तापली की अगदी थोडी वीज तयार होते, आणि त्या विजेवरच गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की कांडी थंड, वीज बंद, झडप आपोआप बंद. आम्ही प्रोग्रॅममध्ये 'अजून जिवंत आहे' असं सांगणारा ठोका ठेवतो, अगदी तसंच. याच कारणाने अशा जुन्या पद्धतीचा फायरप्लेस वीज गेली तरी चालतो. जानेवारी १९९८ च्या आइस स्टॉर्ममध्ये किंवा ५ एप्रिल २०२३ च्या गोठत्या पावसात वीज गेली तेव्हा ज्यांच्याकडे तो होता, त्यांना त्याची किंमत कळली असेल. नव्या इलेक्ट्रॉनिक प्रकारात त्यासाठी बॅटरीची सोय असते, ती आहे का ते घेतानाच विचारा. पण वीज गेली म्हणून बार्बेक्यू किंवा जनरेटर घरात, गराजमध्ये आणू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.

आता काच. लहान मूल असलेल्या घराला कार्बन मोनॉक्साइडइतकीच ही काळजी हवी. हेल्थ कॅनडा सांगतं की ही काच सुमारे सहा मिनिटांत २०० अंश सेल्सियसच्या वर तापू शकते, आणि बंद केल्यावर पुन्हा हात लावण्याजोगी व्हायला सरासरी पाऊण तास लागतो. आपला तवा पोळीला साधारण तेवढाच तापतो. पहिल्या पावलांच्या वयातलं मूल तोल गेला की दोन्ही तळवे पुढे टेकतं, आणि पटकन मागे घेता येत नाहीत. २०१५ पासून बनलेल्या नव्या फायरप्लेसना काच फार तापत असेल तर पुढे संरक्षक जाळी द्यावी लागते. "जाळीने शोभा जाते" म्हणून ती काढून ठेवलेली मी दोन घरांत पाहिली आहे. जुन्याला जाळी नसेल तर वेगळी मिळते, आणि दूर उभं करायचं कुंपणही मिळतं. हळदीकुंकवाला दहा-बारा बायका आणि पाच-सहा पोरं एका खोलीत असतात, त्या दिवशी तर फायरप्लेस बंदच बरा, तासभर आधीपासून.

वरच्या फळीचा मोह आपल्याला फार. गणपतीचं मखर, दिवाळीचं तोरण, आकाशकंदील, सगळं तिथेच शोभतं. गणपतीत फायरप्लेस बंद असतो, पण थर्मोस्टॅटवर असेल तर सप्टेंबरातल्या एखाद्या गार पहाटे आपोआप पेटू शकतो आणि वर थर्मोकोल! सजावटीच्या दिवसांत भिंतीवरचं बटण आणि खालचं मुख्य बटण दोन्ही बंद ठेवा. आणि आमच्या ओळखीच्या एका काकूंनी होळीला नैवेद्य दाखवायला पुरणपोळीचा तुकडा आत टाकता येईल का असं विचारलं होतं. काकू, नाही. समोर ताट ठेवून हात जोडा.

शेवटी अलार्म. १ जानेवारी २०२६ पासून ओंटारियोत नियम आणखी कडक झाला आहे. इंधन जाळणारं उपकरण, फायरप्लेस किंवा घराला जोडलेलं गराज असलेल्या घरात प्रत्येक मजल्यावर अलार्म हवा, तिथे कुणी झोपत असो वा नसो, आणि झोपायच्या खोल्यांजवळ तर हवाच. भाड्याच्या घरात तो लावायची जबाबदारी घरमालकाची, पण काढून ठेवायचा हक्क भाडेकरूला नाही. (आमच्या बाबांना हे सांगितल्यावर ते दोन दिवस 'आरोपी' म्हणून स्वतःची ओळख करून देत होते.) चार टिटव्या आणि विश्रांती, हे कार्बन मोनॉक्साइडचं, तीन टिटव्या म्हणजे धूर. मिनिटाला एखादा 'टुक' म्हणजे बॅटरी संपली किंवा अलार्मचं आयुष्यच संपलं. ते सात ते दहा वर्षांचं असतं, तारीख मागे छापलेली असते. पाहुणे आले की संडासातल्या टिश्यूबद्दल सांगतो तसंच या आवाजांबद्दलही सांगा, मराठीत, आणि वाजवून दाखवा.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. हा अलार्म ७० पीपीएमला लगेच वाजत नाही, एक ते चार तास घेतो. १५० ला दहा ते पन्नास मिनिटं, ४०० ला चार ते पंधरा. थोड्या वेळच्या किरकोळ वाढीने उगाच बोंबलू नये म्हणून ते तसं बनवलेलं आहे. म्हणजे तो वाजतो तेव्हा तुम्ही बराच वेळ त्या हवेत असता. वाजला की खिडक्या उघडणं, बॅटरी काढणं, "जरा थांबून बघू" हे काही करायचं नाही. माणसं मोजत बाहेर पडायचं, ९११ ला फोन करायचा आणि अग्निशामक दल 'जा' म्हणेपर्यंत आत जायचं नाही, पासपोर्टसाठीसुद्धा नाही.

त्या हिवाळ्यात बाबा अजून सहा आठवडे इथे होते. त्यांनी गॅरेजमधून हॉकीची एक मोडकी काठी शोधली, तिच्या टोकाला आईच्या जुन्या लाल ब्लाउजपीसची चिंधी बांधली आणि पाइपाच्या तोंडाशेजारी बर्फात रोवली, म्हणजे कितीही बर्फ पडला तरी जागा दिसेल. प्रत्येक बर्फानंतर मी उठायच्या आत ते बूट चढवून झाडू घेऊन तिथे उभे असत. नवा फायरप्लेस उंचावर बसवला तरी ती काठी मी काढलेली नाही. पुण्यात बसून ते ओटावाचं हवामान बघतात, आणि इथे बर्फ पडला की त्यांच्या सकाळी, आमच्या रात्री, फोन येतो. "पाइप मोकळा केलास का?" मग मी कोट चढवतो.